सारू तकीचा खून : सफवी दरबारातल्या एका वजिराच्या सत्तेचे प्रकरण

11 ऑक्टोबर 1645 च्या सकाळी इराणच्या सफवी राज्याची राजधानी इस्फहान इथे कोर्चीबाशी जानी खान शामलू आपले साथीदार घेऊन वजीर-ए-आझम म्हणजे मुख्य वजीर मिर्झा मुहम्मद तकी याच्या घरात घुसला आणि त्याला तिथेच ठार मारले. मारणारा होता शहाच्या कोर्ची घोडदळाचा सरदार. मारला गेला तो साठी ओलांडलेला, खच्ची केलेला, अकरा वर्षे इराणच्या तिजोरीचा कारभार पाहणारा कलमबहाद्दर. लोक त्याला सारू तकी म्हणत. चारच दिवसांनी, 15 ऑक्टोबरला, जानी खान आणि त्याचे साथीदारही मारले गेले. गादीवर तेव्हा दुसरा शहा अब्बास होता, वय बारा-तेरा.

सफवी दरबाराला खून आणि शिरच्छेद नवे नव्हते. तरी हे प्रकरण बारकाईने पाहायला हवे, कारण दरबारी अधिकाऱ्याच्या हाती सत्ता कशातून येते, ती कुठवर पोचते आणि कुठे तुटते, हे सगळे इथे एकाच कारकिर्दीत सापडते. सारू तकीकडे स्वतःची फौज नव्हती, पाठीशी टोळी नव्हती, राजघराण्याशी सोयरीक नव्हती. हिशेबाची जाण, वजिरीचा शिक्का आणि जनानखान्यात जाण्याची मुभा एवढ्यावर त्याने भल्या भल्या खानांना नमवले. त्या खानांना दाद मागायला दुसरी जागा उरली नाही, तेव्हा त्याचा जीव गेला.

कोणाच्या हाती काय होते

सफवी राज्याचा डोलारा सुरुवातीला किझिलबाश म्हणजे तुर्कमान टोळ्यांच्या सरदारांवर उभा होता. शामलू, उस्ताजलू, अफशार ही त्यांतली मोठी नावे. पहिल्या शहा अब्बासने (कारकीर्द 1587 ते 1629) त्यांना शह देण्यासाठी जॉर्जियन, आर्मेनियन आणि चर्केस गुलामांची वेगळी फौज वाढवली आणि त्यांतल्या कित्येकांना सुभेदाऱ्या दिल्या. कागदपत्रे आणि महसूल मात्र ताजिक म्हणजे फारसी बोलणाऱ्या कारकुनी घराण्यांच्या ताब्यात राहिला. सारू तकी या तिसऱ्या वर्गातला.

सफवी राज्य कोसळल्यानंतर, 1726 च्या सुमारास, दरबारातल्या पदांची आणि कामांची एक फारसी जंत्री तयार झाली. तीत ‘जानकी’ नावाच्या मसलतीच्या सभेचे सात मूळ सभासद दिले आहेत : कोर्चीबाशी, गुलाम फौजेचा कुल्लर-आकासी, दरबाराची शिस्त पाहणारा इशिक-आकासीबाशी, बंदूकधाऱ्यांचा तुफंगची-आकासी, न्यायाचे काम पाहणारा दिवाणबेगी, घडामोडींची नोंद ठेवणारा वाकेनवीस आणि वजीर-ए-आझम. सातांपैकी तिघांच्या हाताखाली हत्यारबंद माणसे होती. वजिराच्या हाताखाली दफ्तर होते.

तरीही त्या तिघांना वजिराचे तोंड पाहावे लागे. नेमणूक, तनखा, जमिनीची नेमून दिलेली वसुली, यांतले बहुतेक सगळे वजिराच्या लेखी शेऱ्याशिवाय आणि शिक्क्याशिवाय पुढे सरकत नसे. सरदाराला हजार स्वार पोसायचे असले तरी त्यांचा पैसा कुठल्या गावांवर लावायचा, ते दफ्तरात लिहिले जाई. शेरा रोखून धरला की स्वारांचा पगार थांबला.

याशिवाय एक वर्ग असा होता ज्याच्याकडे ना फौज ना दफ्तर, होती फक्त जवळीक. शहाच्या अंगवस्त्रांची आणि शयनगृहाची जबाबदारी सांभाळणारा मेहतर, जनानखान्याचे खोजे, राजवाड्याच्या कारखान्यांचा नाझिर, शरबत-मद्याच्या कोठाराचा प्रमुख. शहाच्या कानाला लागायची संधी यांना दिवसातून अनेकदा मिळे. मोठ्या सरदारांना ती दरबार भरेल तेव्हाच. सफवी राजकारण वाचताना पदांची उतरंड पाठ करून भागत नाही, कोण कुठल्या दारातून आत जाऊ शकत होता ते पाहावे लागते.

सारू तकीची चढण

त्याचे घराणे मूळ तब्रीझचे. तो वर आला तो प्रांतातल्या नोकरीतून, काराबागच्या काजार सुभेदाराकडे कारकुनी करून. पुढे एका मुलावर अत्याचार केल्याच्या आरोपावरून पहिल्या शहा अब्बासने त्याला खच्ची करवले. आरोप कितपत खरा होता यावर साधनांचे एकमत नाही. 1637 मध्ये इस्फहानात आलेल्या होल्स्टाइनच्या वकिलातीचा चिटणीस ॲडम ओलेआरियस यानेही ही हकिकत नोंदवली आहे, म्हणजे वीस वर्षांनंतरही ती शहरात सगळ्यांच्या तोंडी होती.

या शिक्षेने त्याची कारकीर्द संपली नाही. शहाने त्याला माझंदरानचा वजीर केले, पुढे गिलानही त्याच्याकडे आले. कास्पियन किनाऱ्यावरचे हे दोन्ही प्रांत खासा म्हणजे थेट शहाच्या खजिन्याचे होते आणि इराणचे बहुतेक उत्तम रेशीम गिलानातून येई. फराहाबाद आणि अश्रफ इथले राजवाडे, तिथल्या दलदलीतून नेलेला दगडी बांध-रस्ता, ही कामे त्याच्या देखरेखीखाली झाली. दगड, चुना, वेठीची माणसे, धान्य आणि रेशमाच्या वसुलीचा मेळ घालायचा, शिवाय शहा हिवाळ्यात येण्याआधी वाडा राहण्याजोगा करायचा. हे जमणारा माणूस शहाच्या नजरेत भरणारच. अब्बासनंतर गादीवर आलेल्या शहा सफीच्या काळात, 1630 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत, नजफच्या दर्ग्याच्या दुरुस्तीचे कामही त्याच्याकडे होते.

1634 मध्ये शहा सफीने वजीर मिर्झा तालिब खान याला मारवले आणि ती जागा सारू तकीला दिली.

खासा : पैसा कसा फिरवला गेला

सफवी मुलखाचे दोन भाग होते. ममालिक प्रांतात बेगलरबेगी म्हणजे मोठा सुभेदार किंवा खान वसुली करी, त्यातून आपली फौज पोसे आणि शहाला नवरोझची पेशकश म्हणजे नजराणा व ठरलेला हिस्सा पाठवी. वसुलीचा मोठा भाग प्रांतातच खर्च होई. खासा प्रांतात खान नसे. केंद्राने पाठवलेला वजीर वसुली करी, खर्च वजा करून बाकी रक्कम शहाच्या खजिन्यात भरी आणि त्याचे हिशेब खासाचा मुस्तौफी म्हणजे हिशेबनीस तपासे.

फार्स हा सर्वांत मोठा बदल. गुलाम घराण्यातला इमाम कुली खान तिथला जवळजवळ स्वतंत्र मालक होता. गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हुकमतीतले होर्मुझ 1622 मध्ये पोर्तुगीजांकडून घेतले ते त्याच्याच प्रांतिक फौजेने; जहाजे इंग्रजांची होती. 1632 च्या अखेरीस शहा सफीने काझवीनला इमाम कुली खानाला मुलांसकट मारवले आणि फार्स खासा झाला. या निर्णयाचे श्रेय किंवा दोष पुष्कळदा सारू तकीला दिला जातो. तेव्हा तो अजून वजीर-ए-आझम झालेला नव्हता, ही साधी तारीख लक्षात ठेवायला हवी. पुढची अकरा वर्षे हे धोरण नेटाने राबवणारा मात्र तोच.

खजिन्याच्या बाजूने पाहिले तर हिशेब सरळ होता. खानाचा लवाजमा, त्याचा स्वतंत्र दरबार, त्याची फौज हा सगळा खर्च वाचला आणि तुमान इस्फहानात येऊ लागले. तुमान हे हिशेबाचे माप, एका तुमानाचे पन्नास अब्बासी होत. अब्बासी हे चांदीचे नाणे, आणि चांदी मिळवायला इराणला फार सायास पडत, म्हणून खजिन्यात रोकड येणे ही साधी गोष्ट नव्हती. 1639 च्या झुहाबच्या तहाने उस्मानी तुर्कांशी युद्ध थांबले, तेव्हा सरहद्दीपासून दूरच्या प्रांतांत फौज कशाला पोसायची, हा प्रश्नही रास्त वाटू लागला.

बिघाड दोन जागी होता. खानाला प्रांत आपल्या पोराकडे जावा अशी आशा असे, म्हणून तो रयत जगवी, निदान तिचा पार चोथा करत नसे. खासाचा वजीर थोड्या काळासाठी येई आणि त्याची लायकी पाठवलेल्या रकमेवर ठरे, मग तो कालवे आणि कारेझ म्हणजे जमिनीखालचे पाट दुरुस्त करण्यात पैसा घालत नसे. दुसरे म्हणजे प्रांताची फौज गेली ती गेलीच. 1645 मध्ये डच कंपनीशी रेशमाच्या भावावरून तंटा झाला. सारू तकीला शहाचे रेशीम बाजारभावापेक्षा चढ्या दराने डचांच्या गळ्यात मारायचे होते. डचांनी बंदर अब्बासची नाकेबंदी केली, केश्म बेटावरच्या किल्ल्यावर मारा केला आणि अखेर सवलती पदरात पाडून घेतल्या. तेवीस वर्षांपूर्वी याच पाण्यात होर्मुझ घेणारी फार्सची खानी फौज आता उरली नव्हती.

हिशेबाची हत्यारासारखी योजना

सारू तकी माणसे कशी पाडत असे, याची रीत ठरलेली होती. आधी दफ्तरातून जुन्या वर्षांची येणी काढायची. मग सुभेदाराला बाकीची रक्कम कळवायची. त्याने भरली तर खजिन्यात भर पडली. त्याने वाद घातला तर शहाच्या नावाचा हुकूम जाई : दरबारात हजर होऊन हिशेब द्या. इथे सुभेदाराची खरी कोंडी होई. गेला तर फौज मागे सोडून एकटे इस्फहानात जायचे, आणि इमाम कुली खानाचे काय झाले ते सर्वांनी पाहिलेले. न गेला तर बंडखोर ठरायचे, मग मालमत्ता जप्त.

यात येणी खोटीच असत असे समजू नये. पुष्कळ खान खरोखरच महसूल दाबून बसलेले असत. अडचण अशी की हिशेब तपासणारा, बाकी ठरवणारा आणि शहाला सल्ला देणारा एकच माणूस होता. रक्कम कमी करून मागण्याची सोय कुठेच नव्हती.

कंदाहारला ही रीत उलटली. तिथला सुभेदार अली मर्दान खान हा कर्मानच्या प्रसिद्ध गंज अली खानाचा मुलगा. सारू तकीने त्याच्यामागे येण्यांचा ससेमिरा लावला आणि दरबारात येण्याचे फर्मान निघाले. अली मर्दानने धोका ओळखला आणि मोगलांशी बोलणी सुरू केली. 1638 च्या सुरुवातीला कंदाहारचा किल्ला शहाजहानच्या हाती पडला, लढाई न करता. पुढे हाच अली मर्दान खान मोगलांचा अमीर-उल-उमरा झाला. थकबाकीची रक्कम केवढीही असो, सरहद्दीवरच्या सर्वांत मोलाच्या किल्ल्याच्या मानाने ती काहीच नव्हती. सारू तकीच्या कारभारातली ही सर्वांत महागडी चूक, आणि ती अजाणतेपणी झाली असे म्हणता येत नाही. अंतर्भागातल्या खानाला पळायला जागा नव्हती. सरहद्दीवरच्या खानाला होती. हा फरक त्याने हिशेबात धरला नाही.

या घडामोडीचा धागा दख्खनपर्यंत येतो. 1636 मध्ये शहाजहानने गोवळकोंड्याच्या कुतुबशहाला खुत्ब्यातून म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या प्रवचनातून इराणच्या शहाचे नाव काढायला लावले होते. त्याच वर्षी निजामशाही बुडाली. दोन वर्षांत कंदाहारही मोगलांकडे गेले. 1649 च्या फेब्रुवारीत दुसऱ्या शहा अब्बासने ते परत जिंकले, आणि मोगलांच्या पुढच्या तिन्ही मोहिमा फसल्या. 1652 च्या मोहिमेत अपयश आल्यावर औरंगजेबाची रवानगी दुसऱ्यांदा दख्खनच्या सुभ्यावर झाली.

1642 : चौघांचा कारभार

12 मे 1642 रोजी शहा सफी काशानला वारला. तो कंदाहारच्या स्वारीच्या तयारीत होता. तीन दिवसांत त्याच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला तिथेच गादीवर बसवण्यात आले. एवढ्या झटपट हे पार पडले, कारण दरबारातल्या चार माणसांचे आपसात जुळले होते : वजीर सारू तकी, राजमाता अन्ना खानम, कोर्चीबाशी जानी खान आणि नाझिर मुहम्मद अली बेग.

यात सारू तकीचे शारीरिक व्यंग राजकारणाच्या कामी आले. दुसऱ्या कुठल्याही वजिराला राजमातेशी बोलायचे तर खोजामार्फत निरोप पाठवावा लागे. निरोप पोचेपर्यंत तो चार तोंडांतून जाई आणि बातमी फुटे. सारू तकी स्वतः आत जाऊन समोर बसून बोलू शकत होता. शहा अल्पवयीन असताना शेवटचा शब्द राजमातेचा. म्हणजे प्रस्ताव लिहिणारा, तो मंजूर करून घेणारा आणि मंजुरीवर शिक्का मारणारा एकच झाला. ही मोठी सोय होती. हाच मोठा धोकाही होता, कारण बाहेर राहिलेल्यांना प्रत्येक नावडता हुकूम एकाच माणसाचा वाटू लागला.

पहिला घाव पडला सिपाहसालार रुस्तम खानावर. जॉर्जियन गुलामांतून वर आलेला हा सेनापती मोठी फौज घेऊन मशहदला होता आणि त्याचा भाऊ दरबारात दिवाणबेगी होता. फौज आणि न्यायाचे पद एकाच घरात, शहा लहान, म्हणून चौघांना त्याची भीती वाटली. 1643 मध्ये मशहदमध्येच त्याला ठार करण्यात आले, भावाचे पदही गेले. या कामात जानी खान सारू तकीच्या बाजूने होता, हे विसरता कामा नये. दोन वर्षांनी तो वजिराच्या जिवावर उठला, त्याआधी दोघे एकाच पंगतीत होते.

पण समान शत्रू गेल्यावर युती टिकायला कारण उरले नाही. वजिराने दफ्तराचा रोख आता किझिलबाश सरदारांकडे वळवला.

1645 : खून आणि पुढचे चार दिवस

फ्रेंच जवाहिऱ्या ज्याँ शार्दँ सांगतो, की जानी खानाच्या एका नातलगाच्या हिशेबांची चौकशी वजिराने लावून धरली आणि तिथे ठिणगी पडली. शार्दँ इराणात प्रथम आला 1666 मध्ये, खुनानंतर वीस वर्षांनी. त्याच्यापर्यंत पोचली ती दरबारात रुळलेली गोष्ट, म्हणून तिच्यातले संवाद जसेच्या तसे धरू नयेत. चौकशीचा मुद्दा मात्र सारू तकीच्या सगळ्या कारकिर्दीशी जुळतो.

जानी खानापुढे कोणते मार्ग होते? शहाकडे तक्रार करायची तर शहा मुलगा. राजमातेकडे जायचे तर ती वजिराच्या पाठीशी. मसलतीत विषय काढायचा तर वजीर समोर बसलेला. खटला भरायचा तर पुरावा वजिराच्याच दफ्तरात. उरले होते फक्त हत्यार. त्याने शहाच्या कानावर आधी काही घातले आणि मुलाच्या संदिग्ध उत्तराला मूकसंमती मानले, असे दिसते. खून उरकल्यावर तो लपूनछपून पळाला नाही, राजवाड्याकडे गेला. केले ते राज्याच्या भल्यासाठी केले, हीच त्याची भूमिका होती. शहाने उघड विरोध केला नाही.

त्याची चूक दिसते ती इथे. त्याने वजीर मारला, पण वजीर ज्या दाराने आत जात असे त्या दारामागची सत्ता तशीच राहिली. अन्ना खानमचा सर्वांत विश्वासू माणूस गेला होता. उद्या कोर्चीबाशी वजिरालाच मारून सुखरूप सुटला, तर परवा तो गादीवर कोण बसावे तेही ठरवील, हे तिला कळत होते. तेवढ्यात राजवाड्याच्या मद्य-कोठाराचा प्रमुख सफी कुली बेग याने बातमी आणली, की जानी खान शहाविरुद्धच कट करतो आहे. बातमी खरी होती की तयार केलेली, यापेक्षा ती कोणी आणली ते महत्त्वाचे. रोज आत-बाहेर करणारा, हाताखाली एकही स्वार नसलेला हा माणूस कोर्चीबाशीला भारी पडला. 15 ऑक्टोबरला जानी खान आणि साथीदार मारले गेले, त्यांच्या नातलगांची पदे आणि मालमत्ता गेली.

चार दिवस हा अवधी बोलका आहे. एवढ्या वेळात जानी खान कोर्ची घोडदळ राजवाड्याभोवती उभे करू शकला असता. त्याने ते केले नाही. पहिल्या शहा अब्बासनंतर टोळीचा सरदार आपल्या माणसांना शहाच्या दारावर चालवून नेईल, ही शक्यता फार आटली होती. स्वारांचा पगार दफ्तरातून येत होता, आणि ते दफ्तर राजवाड्याचे होते.

नंतर काय उरले

सारू तकीच्या प्रामाणिकपणाबद्दल साधने एकमेकांशी भांडतात. शार्दँच्या लेखी तो लाच न घेणारा वजीर. डच कंपनीच्या माणसांना मात्र तो नजराण्यांवर नजर ठेवणारा, पैशाच्या बाबतीत कठोर असा दिसला. आमच्या मते दोन्हींत तथ्य आहे. त्या दरबारात नजराणा हा पदाचा रिवाजच होता. शहाच्या महसुलातला पैसा स्वतःकडे वळवणे निराळे, आणि त्या बाबतीत त्याच्यावरचा आरोप भक्कम नाही. त्याने इस्फहानात बांधलेली 1643 ची मशीद आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

त्याच्या जागी खलीफा सुलतान आला. हा सय्यद धर्मपंडित, पहिल्या शहा अब्बासचा जावई, 1632 पर्यंत याच पदावर राहिलेला. शहा सफीने त्याला काढले तेव्हा त्याच्या मुलांचे डोळे काढण्यात आले होते. त्याला परत आणण्यामागचा हेतू कळतो. त्याच्या मागे मुल्ला-सय्यदांची प्रतिष्ठा होती, किझिलबाशांना तो खुपत नव्हता, आणि हिशेबाचा ससेमिरा हा त्याचा स्वभाव नव्हता. त्याचा भर दारूबंदीसारख्या धर्माज्ञांवर राहिला.

1654 मध्ये तो वारल्यावर वजिरी मुहम्मद बेगकडे गेली. आर्मेनियन वंशाचा हा गृहस्थ आधी राजवाड्याचा नाझिर होता, म्हणजे पुन्हा आतल्या दाराचा माणूस. खजिना भरण्यासाठी त्याने सारू तकीचीच वाट धरली आणि 1658 मध्ये कर्मान खासा झाला. शत्रू त्यालाही झाले. तोवर शहा मोठा झाला होता आणि तक्रार ऐकायला एक जागा पुन्हा तयार झाली होती. 1661 मध्ये मुहम्मद बेगला पदावरून काढून कोमला पाठवण्यात आले, जिवंत.